आप्पासो निवेदकाच्या पोटातली कात्री

आप्पासो निवेदकाच्या पोटात मिरजेचा डॉक्टर कात्री विसरला, ही बातमी बोरखिंडीत पहिल्यांदा कुजबुजली गेली ती सलूनमध्ये. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या हातात कात्री होती, त्यामुळं बातमीला वजन आलं. सलूनमधनं दूध डेअरीवर जाईपर्यंत कात्रीला जोडीला चिमटा मिळाला, डेअरीवरनं एसटीच्या थांब्यावर जाईपर्यंत एक रबरी हातमोजा, आणि पारावर पोचली तेव्हा आप्पासोच्या पोटात अख्खा ट्रे होता. एकानं तर शपथेवर सांगितलं, की आप्पासो आता बँकेच्या दारातल्या यंत्राजवळनं गेला की यंत्र बोंबलतं. बोरखिंडीत बँक नाही. पण ऐकणाऱ्यांतल्या कुणालाच ती अडचण वाटली नाही.

तर हा आप्पासो कोण, ते आधी सांगायला पाहिजे.

शिराळ्याहून डोंगराच्या अंगानं वर गेलं की बोरखिंड लागते. तिथं आप्पासो ग्रामपंचायतीचा पाणीवाला. सकाळी खांद्यावर लांब दांड्याची चावी टाकून तो निघायचा, आज खालच्या आळीचा व्हॉल्व्ह सोड, उद्या वरच्या आळीचा बंद कर. सव्वीस वर्षं हेच. कुठं जमिनीखाली पाइपचा जोड गळायला लागला, रस्त्यावर डबकं साचलं, बायका ओरडत आल्या, की आप्पासोचं उत्तर ठरलेलं होतं : "गळती न्हाई वो, वल हाय नुसती." त्या डबक्यात म्हैस बसायला लागली तरी वलच. शेवटी रस्ता खचायचा, मग खणायचं, मग गळती सापडायची. आणि तेव्हा आप्पासो अशा चेहऱ्यानं उभा राहायचा, जणू ती त्यानंच शोधून काढली.

पण ही झाली पोटाची नोकरी. आप्पासोचं खरं आयुष्य कुस्तीच्या मैदानात. यात्रा-जत्रांच्या मैदानात कुस्त्या लागल्या, की एका हातात माइक आणि दुसरा हात कानावर अशा थाटात तो उभा राहायचा. मिशा पिळदार, फेटा तुरेबाज, आणि आवाज असा, की मैदान कुठं आहे हे रस्ता चुकलेल्याला विचारावं लागायचं नाही. पैलवानाचं नाव घेताना तो पहिलं अक्षर अशा लांबीला न्यायचा, की तेवढ्यात पैलवान अंगाला माती लावून, तालीम-वस्तादाच्या पाया पडून, परत येऊन उभा राहावा. गावच्या चैत्रातल्या यात्रेचा माइक सलग बावीस वर्षं त्याच्याकडं. कुणी म्हणालं, आप्पा, यंदा नव्या पोराला जरा बोलू द्या, तर तो माइक दोन्ही हातांनी छातीशी धरायचा.

नवा पोरगा म्हणजे आटपाडीकडचा बिरदेव. तिशीचा, गळा गोड, आणि मोबाईलवर त्याचं समालोचन बघणारे लाखभर. आप्पासो त्याला तोंडावर "लेकरा" म्हणायचा आणि पाठीमागं जे म्हणायचा ते इथं छापता येणार नाही.

आता ही सगळी बोंब जिथनं निघायची, त्या पोटाच्या खाली, उजव्या जांघेत, आप्पासोला एक गोळा झाला होता. आधी लिंबाएवढा, मग पेरूएवढा. शिराळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या. आप्पासो म्हणाला, "एवढं मैदान झालं की." एका मैदानामागं दुसरं मैदान, असं करत चार वर्षं गेली. तोवर गोळा हातानं आत ढकलायचा आणि वरनं पट्टा आवळायचा. बायको अंजना म्हणायची, "आवं, आतडं हाय ते. व्हॉल्व्ह न्हवं ढकलून बसवायला." यावर आप्पासो म्हणायचा, "वल हाय नुसती." म्हणजे हे उत्तर त्याला कशालाही चालायचं.

आणि मग पाटणच्या मैदानात व्हायचं ते झालं. शेवटच्या जोडीच्या पैलवानाचं नाव त्यानं लांबवलं, लांबवलं, श्वास संपत आला तरी लांबवलं, आणि गोळा टपकन बाहेर आला तो आत जाईना. तशातही पठ्ठ्यानं कुस्ती निकाली होईपर्यंत माइक सोडला नाही. मग घरी येऊन दीड दिवस गरम पाण्याची पिशवी धरून पडला. गावच्या मेडिकलवाल्या धुळानं नेहमीसारख्या दोन जोरदार गोळ्या दिल्या. सर्दी झाली तरी त्याच, ताप आला तरी त्याच, दाढ दुखली तरी त्याच. आप्पासो पंधरा वर्षं त्या फुटाण्यासारख्या खात आला होता. अर्धा कोर्स झाला की बरं वाटायचं, उरलेल्या गोळ्या कोनाड्यात. यावेळी गोळ्यांनी हात टेकले. हिरवी उलटी झाली, तेव्हा त्याला जीपमध्ये घालून मिरजेला नेलं.

तिथं डॉक्टर राजवर्धननं पोट उघडलं. अडकलेलं आतडं वीतभर काळं पडलं होतं. तेवढा तुकडा कापला, दोन्ही टोकं एकमेकांना जोडली, पोटात एक नळी ठेवली आणि साखर-बीपीची सगळी बोंब बघून त्याला आयसीयूत ठेवला. जाताना डॉक्टरनं अंजनाला समजेल असं सांगितलं : "पाइपचा खराब भाग काढून नवा जोड मारलाय. आता जोड टिकला पाहिजे. पाच-सहा दिवस धोक्याचे. आतडं चालू झालं याची खूण एकच, गॅस पास होणं. तोवर पाण्याचा थेंब नाही."

झालं! इथून पुढं सगळ्या बोरखिंडीचं लक्ष एका जागी लागून राहिलं.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ बातमी यायची. "आप्पांचा वारा अजून सरला नाही. सर्वांनी प्रार्थना करावी." खाली हात जोडलेली साठ-सत्तर चित्रं. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर दहा-बारा माणसं बसून, प्रत्येक दार उघडलं की माना वर. कुणी ओवा आणलेला, कुणी हिंग. एका म्हातारीनं तर, पोरगं न्हाणीत धरतात तसं जरा पाय वर करून धरा, असा निरोप आत पाठवला.

आत आप्पासो तहानेनं कासावीस. ओठाला ओला कापूस लावायचा एवढाच काय तो खुराक. रोज सकाळी राजवर्धन साहेब फेरीला यायचे. साहेबांचा हात चांगला, त्यात वाद नाही. पण एका खाटेपाशी ते मोबाईलची एक रिंग संपेल एवढाच वेळ थांबायचे. गळ्यात तपासायची नळी असायची, ती बहुधा दागिना म्हणून.

"काय आप्पा, गॅस?"

"न्हाई साहेब."

"बघू उद्या." की पुढच्या खाटेला.

तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला अंजना आत आली आणि तिनं नको ती बातमी दिली. "यात्रा नऊ दिसांवर आली न्हवं. कमिटीनं बिरदेवला सांगून ठेवलंय. तुमी त्या आधी घरी आलासा तर माइक तुमचा, न्हाईतर त्याचा."

"त्याचा?" आप्पासोचा आवाज बेंबीतनं आला आणि टाके दुखले.

"आवं, जीव ऱ्हाऊ द्या आधी. माइक काय जन्माला पुरतोय?"

पण आप्पासोला आता दुसरं काही दिसेना. डोळे मिटले की फेटा बांधलेला बिरदेव दिसायचा. हिशोब सरळ होता : वारा सरला, की पाणी. पाणी पचलं, की वॉर्ड. वॉर्डातनं चार दिवसांत घर. आणि घरातनं मैदान. मधे काय तो वाराच आडवा. आणि वारा काही येईना; उलट पोट नगाऱ्यासारखं ताणत चाललेलं.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब आले. "काय आप्पा, गॅस?"

"व्हय साहेब!" आप्पासो म्हणाला. "पहाटं. दोनदा."

खोटं एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण निवेदकाची जीभ ती. "पहिला जरा दबकत आला, साहेब. पण दुसरा निकाली!"

साहेब हसले, शिकाऊ डॉक्टर हसले, शेजारच्या खाटेवरचा अर्धवट शुद्धीतला पेशंटसुद्धा हसल्यासारखा झाला. "गुड. पाणी चालू करा. उद्या वॉर्डात." गळ्यातला दागिना काही पोटाला लागला नाही. साहेबांच्या मोबाईलची दुसरी रिंग वाजायला लागली होती.

पाच मिनिटांत बोरखिंडीच्या ग्रुपवर "सरला!!!" असा संदेश पडला. पारावर हलगी वाजली. एकशेचौदा जणांनी अभिनंदन केलं, आणि त्यातल्या एकानं उत्साहाच्या भरात "चिरंजीवास आशीर्वाद" असंही लिहिलं.

हसली नाही ती एकटी ब्राह्मी सिस्टर. समडोळीच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, चाळिशीची, बारीक चणीची. ती कुणावर ओरडायची नाही. चष्म्यावरनं नुसती बघायची, आणि बघितलेला माणूस आपण होऊन हात धुवायला जायचा. आयसीयूच्या दारात एकदा एक आमदारकीचा इच्छुक पंधरा माणसं घेऊन पेशंट बघायला आला होता, त्यालाही तिनं असंच बघितलं. तो एकटाच आत गेला, तोही चपला काढून.

साहेबांची फेरी पुढं गेल्यावर तिनं आप्पासोच्या पोटावर तपासायची नळी टेकवली. चारी बाजूंनी ऐकलं. मग टेप काढून पोटाचा घेर मोजला.

"मामा, पोट गप्प आहे."

"दमलं असल, सिस्टर."

"काल छत्तीस इंच होतं. आज साडेअडतीस."

"टेप ढिली धरली असशीला."

"मामा, माझ्याकडं बघा. खरंच झाला का?"

आप्पासो छताकडं बघत म्हणाला, "आता त्याची पावती दिऊ का?"

तिनं तक्त्यावर लिहिलं : 'पेशंटच्या सांगण्यावरून गॅस पास. पोट फुगलेले. आवाज नाहीत.' मग साहेबांच्या मदतनीस डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "सर पाणी म्हणालेत ना सिस्टर? मग पाणी." पाणी सुरू झालं, पण तिनं ते चमच्यानं दिलं आणि दर तासाला येऊन नाडी बघत राहिली. आप्पासोला तिचा असा राग आला, की बिरदेवसुद्धा त्याला क्षणभर बरा वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी उचकी लागली. मग थंडी भरली. नाडी एकशेतीसवर, श्वास कुत्र्यासारखा. पोटातल्या नळीतनं चार दिवस पातळ गुलाबी पाणी येत होतं, ते हिरवट-काळपट झालं, आणि त्याला वास आला.

तो वास आप्पासोनं ओळखला. सव्वीस वर्षं त्यानं जमिनीत मुरलेल्या पाण्याचा वास घेतला होता. जोड कुठं गेला, किती दिवस झाले, हे त्याला खणायच्या आधी कळायचं. सांगायचा नाही, एवढंच. आता तो नळीच्या पिशवीकडं बघत राहिला. ब्राह्मीही तिकडंच बघत होती.

"वल हाय नुसती, सिस्टर," तो म्हणाला. सवय!

"गळती आहे, मामा," ती म्हणाली. "आतड्याचा जोड गळतोय. आतली घाण पोटात पसरतीय. आता शेवटचं विचारते. काल वारा सरला होता का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक शब्द लांबवल्याशिवाय उच्चारला.

"न्हाई."

तिनं तक्त्यावर वेळ घालून तेवढंच लिहिलं, आणि यावेळी मदतनीसाला सोडून थेट साहेबांना फोन लावला. तिचा फोन होता की काय होतं कोण जाणे, साहेब चक्क दहा मिनिटांत आले, आणि दागिना गळ्यातनं काढून पोटाला लावला. तासाभरात आप्पासो पुन्हा टेबलावर होता.

दुसऱ्यांदा पोट उघडलं, धुतलं. जोड एका टाक्यापाशी उसवला होता. खोटं बोलल्यामुळं तो उसवला असं नाही. साखर वाढलेल्या, दीड दिवस घरी कुजत पडलेल्या पोटात जोड असा दगा देतो. पण उसवल्याचं कळायला दीड दिवस उशीर झाला, आणि तेवढ्यात जंतूंनी पोटात यात्रा भरवली. यावेळी आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावली, जोडाला विश्रांती म्हणून. आप्पासो मशीनवर गेला. बोरखिंडीची यात्रा आली आणि गेली. बिरदेवनं मैदान गाजवलं, हे आप्पासोला कळलं नाही, तेवढाच देवानं त्याच्यावर उपकार केला.

पोटातल्या पुवाचा रिपोर्ट आला तेव्हा राजवर्धन साहेबांनी अंजनाला बोलावलं. यावेळी फोन बंद होता. "जंतू भलते चिवट निघालेत. नेहमीची दहा औषधं त्यांना लागू नाहीत, दोनच चालतील."

"कुठनं आलं वो जंतू? हितल्या खाटंवरनं?"

"तसेही येतात. पण हे त्यांच्याच आतड्यातले. आत असतात तोवर गुण्यागोविंदानं राहतात, बाहेर सांडले की जिवावर उठतात. घरी कधी मनानं अँटिबायोटिक घ्यायचे का?"

अंजनाला कोनाड्यातल्या अर्ध्या अर्ध्या पाकिटांचा ढीग आठवला. धुळाच्या गोळ्या! पंधरा वर्षं आप्पासोनं स्वतःच्या पोटात तालीम काढून दिली होती. तिथले जंतू रोज थोडा मार खाऊन तयार झालेले पैलवान होते. आता ते कुणाला हार जाणार?

एकोणीस दिवस आप्पासो आयसीयूत होता. त्यातले बरेचसे ब्राह्मीच्या हाताखाली. तोंड पुसणं, कूस बदलणं, नळ्या जपणं, आणि शेवटी अंजनाला पिशवी कशी बदलायची ते तीन तीन वेळा शिकवणं. तिनं त्या खोट्याचा एकदाही उच्चार केला नाही. आप्पासोला तेच जास्त टोचायचं.

घरी आला तो पंधरा किलो उतरून. मिशा तेवढ्या होत्या तशा. भेटायला माणसं लोटली. पुढच्या सोप्यात खाटेवर आप्पासो, शर्टाखाली पिशवी, आणि समोर नऊ-दहा जण चहाचे कप धरून.

"पर आप्पा, दुसऱ्यांदा कशापायी फाडलं?"

आता काय सांगायचं? वारा सरला म्हणून हलगी वाजवलेल्या गावाला? बिरदेवला कळलं तर पुढची वीस वर्षं तो ह्याच्यावर मैदानं हसवेल. तेवढ्यात कोपऱ्यातनं कुणीतरी म्हणालं, "कात्री-बित्री ऱ्हायली हुती का काय आत?"

आप्पासो 'हो' म्हणाला नाही. हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवायला पाहिजे. त्यानं फक्त डोळे मिटले, एक दीर्घ श्वास सोडला आणि म्हणाला, "जाऊ द्या गड्या. डॉक्टर झाला तरी माणूसच."

एवढ्या एका उसाशातनं कात्री जन्माला आली. आणि कशी फळाला आली! कमिटी घरी येऊन म्हणाली, "आप्पा, पुढल्या वर्षी माइक तुमचाच." धुळानं मेडिकलमध्ये बसून सांगायला सुरुवात केली, "म्या तवाच म्हणलं हुतं, मिरजंला नेऊ नका." आप्पासोनं महिनाभर त्या कात्रीवर मजेत काढला.

मग एका मंगळवारी अंजना डेअरीवरनं तरातरा आली. "ऐकलंसा का? पोरं टेंपो घेऊन निघाल्यात मिरजंला. दवाखाना फोडायला."

"हां?"

"आणि त्या सिस्टरला चपलांचा हार घालायचाय त्यांस्नी. कात्र्या मोजायचं काम तिचं हुतं म्हणं!"

आप्पासोचा चेहरा पडला. ब्राह्मीनं तर ऑपरेशनचं टेबल बघितलंही नव्हतं. ती अजून दर रविवारी फोन करायची : "मामा, पिशवी गळत नाही ना?"

"आवं, बोला की!"

"पोरं गरम डोक्याची असत्यात, व्हतील गार…"

"वल हाय म्हणताय व्हय?" अंजना त्याच्यासमोर कमरेवर हात देऊन उभी राहिली. "त्या बाईनं तुमची घाण काढली. तुमी सांगताय का मी जाऊन सांगू? मी सांगाय लागले तर पार त्या 'निकाली'पासनं सांगीन. मग बसा बिरदेवच्या मैदानात तिकीट काढून."

ग्रामपंचायतीच्या खोलीत लाउडस्पीकरचा माइक होता. त्यावरनं आप्पासो रोज पाणी सोडायच्या वेळा सांगायचा. खाली चौकात टेंपो उभा, वर पंचवीसेक पोरं, काठ्या, चपलांचा हार तयार. आप्पासो भिंत धरत धरत गेला आणि माइकसमोर बसला. हात आपोआप कानावर गेला.

"ऐकाऽऽऽ हो ऐका! बोरखिंड नगरीतल्या तमाम मर्दांनो…"

पोरं थांबली. त्यांना वाटलं, आप्पा निरोप द्यायला आले. एकानं जयजयकार केला. पुढची ओळ घेण्यासाठी आप्पासोनं श्वास भरला, आणि त्या थांबलेल्या क्षणात शर्टाखालच्या पिशवीनं, जिच्यावर कुणाचाच ताबा नसतो, माइकपासून वीतभर अंतरावर, आपलं निवेदन केलं. चार दिशांच्या चार कर्ण्यांतनं ते बोरखिंडीनं ऐकलं. चौथ्या दिवशी जे आलं नव्हतं ते आता आलं होतं, आणि निकाली होतं.

मग टेंपोवर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच.

आप्पासोनं हसू ओसरू दिलं. कानावरचा हात खाली घेतला. बावीस वर्षांत गावानं ऐकला नव्हता अशा साध्या आवाजात तो बोलला.

"कात्री न्हवती. आतड्याचा जोड गळला हुता. जंतू माज्याच पोटातलं हुतं. वारा सरला न्हवता, मी यात्रंच्या माइकसाठी सरला म्हणून खोटं बोललो, म्हणून कळायला उशीर झाला. सिस्टरनं ते वळाकलं, म्हणून मी हाय."